टॅब्लेट आणि पानाची मागची बाजू

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार.

शाळेच्या वसतिगृहात शनिवारी दुपारी घरी पत्र लिहायचा तास असायचा, तो आठवतो? लांबलचक बाक, दोघींत एक शाईची दौत आणि प्रत्येकीला मोजून एक कागद. मी चार ओळींत ‘मजेत आहे’ लिहून खिडकीबाहेर बघत बसायची, तू मात्र दोन्ही बाजू भरून काढायचीस. सिस्टर चष्मा पुसून पत्रं तपासायच्या, पण पुढचीच बाजू वाचायच्या (साठ मुलींची पत्रं, बिचाऱ्या कुठवर वाचणार), हे तू पहिल्याच महिन्यात हेरलंस. पुढे हवापाणी, अभ्यास, प्रार्थना. मागे ढेकूण, पाणचट दूध आणि धाकटी रोज रडते ते. आई म्हणे पत्र आलं की आधी उलटं करूनच वाचायची.

तुझं पत्र मिळालं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंस हे वाचून नाही. (घाबरतेस. मला माहीत आहे.) आमच्या ह्यांचा रक्तदाब ताळ्यावर आहे, स्वभाव नाही. नवं घर लहान आहे, पण उजेड चांगला येतो.

तू विचारलं आहेस की रोजच्या वापराला टॅब्लेट घेण्याजोगा आहे का, की नुसता शोभेला होईल. मी चार महिने वापरते आहे, तेव्हा जसं आहे तसं सांगते. सूनबाईने आणून दिला तेव्हा पहिले दहा दिवस मी तो कपाटात पाहुण्यांच्या चादरींमध्ये ठेवला होता. “काढा की आई, रोज वापरायला आणलाय,” असं ती म्हणाली, तेव्हा काढला. वर्तमानपत्र त्यात फार छान दिसतं. दोन बोटं फाकवली की अक्षरं बोराएवढी होतात. पण ओल्या हाताला तो ओळख दाखवत नाही, त्यामुळे ओट्याशी उभं राहून पाककृती वाचायची तर ओळीओळीला हात पुसावा लागतो. परवा त्या गडबडीत मीठ दोनदा पडलं आणि हे निमूट जेवले, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. मुलाशी समोरासमोर बोलता येतं (मला तो पूर्ण दिसतो, त्याला माझं कपाळ आणि पंखा दिसतो, असं त्याचं म्हणणं). तोंडी विचारलं तर टॅब्लेट हवामानही सांगतो. मी आधी ‘प्लीज’ म्हणते आणि नंतर ‘थँक यू’. हे म्हणाले, “मला कधी म्हणालीस एवढ्या वर्षांत?” मी म्हटलं, “तुम्ही पहिल्या हाकेला उत्तर कधी दिलंत?”

आणि मुख्य म्हणजे जागा वाचते. घर बदलताना तुझ्या पत्रांनी भरलेले बुटांचे तीन खोके निघाले. “फोटो काढून ठेवा आई, म्हणजे कायमची राहतील,” सूनबाई म्हणाली. चार दुपारी खिडकीपाशी बसून मी एकेक पत्र तळहाताने सपाट केलं आणि फोटो काढला. चारशे बारा पत्रं. खोके रद्दीवाल्याला दिले. आता तुझी चाळीस वर्षं माझ्या पिशवीत मावतात. तेव्हा टॅब्लेट घ्यायला हरकत नाही. आम्ही सर्व मजेत आहोत.

तुझी,
धाकटी

ता. क. पान उलटलंस ना? मजेत नाही, ताई.

फोटो काढले ते पुढच्याच बाजूचे. सिस्टरांसारखंच झालं. पत्रं पुष्कळ होती, आणि सपाट करता करता मी तुझ्या अक्षरात रमून जायची. रद्दीवाल्याची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि सूनबाईने सहज विचारलं, “दोन्ही बाजू घेतल्यात ना?” तिने उभ्या आयुष्यात हाताने लिहिलेलं पत्र दोनदा पाहिलं असेल, आणि हे तिला सुचलं. मी अनवाणी रस्त्यात पळाले. दुसऱ्या दिवशी दुकान शोधून काढलं, तोवर माल कारखान्यात जाऊन त्याचा लगदा झाला होता. माझं तोंड बघून रद्दीवाल्याला वाईट वाटलं असावं. “बाई, पत्रंच हवीत ना? ही न्या,” म्हणून त्याने दुसऱ्याच कुणाचा तरी गठ्ठा हातात ठेवला. (नको कसं म्हणणार? आणला. कुणा दिराने वहिनीला लिहिलेली आहेत, दोन्ही बाजू भरून, आणि माणूस कमालीचा कंटाळवाणा आहे.)

तर आता माझ्याकडे चारशे बारा वेळा पाऊसपाणी ठीक, मुलं अभ्यासात, सर्वांस नमस्कार. भावोजींची नोकरी सुटली ते, तू शिवणकाम धरलंस ते, लेकीचं दुखणं, सगळं मागे होतं. त्यातलं बरंचसं मला आठवतं. पण आई गेल्यानंतरचं पत्र. पुढे लिहिलं आहेस, ‘शेवटी त्रास झाला नाही. तुझी वाट बघत होती. तू निघाली आहेस असं मी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली’ आणि तिथे पान संपतं. ते मी एकदाच वाचलं होतं, रडत. पुन्हा वाचायचा धीर झाला नाही. खोक्यात आहे, एवढंच पुरेसं वाटायचं. मी तेव्हा निघाले नव्हते (मुलाची परीक्षा), हे फक्त तुला माहीत आहे. आई काय म्हणाली, ते आता मला आठवत नाही.

ता. क. २. सूनबाई पुढच्या आठवड्यात कामासाठी तिकडे येते आहे. टॅब्लेट तिच्याबरोबर पाठवते, तो तुला. ऑपरेशन होईपर्यंत त्यावर पेपर वाच, आणि ऑपरेशन कर. निळं कव्हर तुझ्या लेकीला. टॅब्लेटचा रिकामा खोका परत पाठव, ह्यांनी खिळ्यांसाठी आधीच मागून ठेवला आहे. दिराची पत्रं तुला हवी असतील तर कळव. बाबांचं भिंग तुला आता लागणार नाही, ते मला. माझी पत्रं तुझ्याकडे असतील तर तुझ्याकडेच राहू देत, फोटो काढू नकोस. आणि आईचं ते वाक्य मला. एका कागदावर लिहून सूनबाईच्या हाती दे. पुढच्या बाजूलाच लिही. वाटेत कुणी वाचलं तरी चालेल.