शामलाची टोपी

४ नोव्हेंबर, सोमवार
जितेंद्रची बदली मिहानला झाली आणि आम्ही चंद्रपूर सोडून नागपूरकर झालो. घरात ऊन भरपूर येतं, पिंकीला शाळाही मिळाली. आज धंतोलीतल्या दवाखान्यात चुंबकाच्या उपचाराची पहिली सिटिंग झाली. वर्षभर गोळ्या खाऊन उदासी हटली नाही, म्हणून हे. यंत्र चालवणारा प्रीतम मोठा बडबड्या. काहून घाबरून राहिल्या ताई, म्हणाला. कापडी टोपी घातली, कुठे ठोका दिला की माझा अंगठा हलतो ते शोधलं, तिथून मोजून टोपीवर पेनाने खूण केली आणि नावाची पट्टी चिकटवली. मग वीस मिनिटं डोक्यावर टकटक. पिंकी बाहेर संत्रं सोलत बसली होती. दिवाळीची सुट्टी आहे तिला. सहा आठवड्यांत आई हसेल, असं मी तिला कबूल केलंय.

१५ नोव्हेंबर
माझ्या आधी शामलाचा नंबर असतो. सुरुवात दोघींची एकाच दिवशी. ती आता गजरा माळते, गुणगुणते. तिला मूलबाळ नाही, पण पिंकी धावत तिच्याच मांडीवर जाते. मी अजून थंड चुलीसारखीच. कोणाले लवकर, कोणाले उशिरा, असं प्रीतम म्हणतो. मला तिचं बघवत नाही. खोटं कशाला लिहू? तिच्या टोपीवरची खूण माझ्या खुणेच्या बोटभर पुढे आहे.

१८ नोव्हेंबर
प्रीतम चहाला गेला तेवढ्यात नावाच्या पट्ट्या बदलल्या. आता तिची टोपी माझी, माझी तिची.

२१ नोव्हेंबर
दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गजरा घेतला. शामला आज कोपऱ्यात गप्प बसून होती. वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं.
सकाळी जितेंद्रला मी सुमंत म्हणाले. सुमंत शामलाचा नवरा. त्याला मी कधी पाहिलेलं नाही.

२६ नोव्हेंबर
पिंकीच्या शाळेचं नाव आठवेना. शामलाने सांगितलं. पिंकीची वेणी घातली तिने, अगदी मी घालते तशी. कुठे शिकलीस विचारलं तर रडू लागली. मले माहीत नाही वं, हात आपोआपच चालले, म्हणाली.

२८ नोव्हेंबर
प्रीतमला सगळं सांगून टाकलं. त्याने पुन्हा मोजलं. दोनदा. माझा अंगठा हलला तिथून मोजलेली जागा आली — शामलाच्या खुणेवर. टोपी बरोबरच हाय ताई, म्हणाला.

२ डिसेंबर
शामलाने पिंकीचा हात धरला. माझी लेक, म्हणाली. जितेंद्रने सोडवला. मी हाक मारणार होते, पण नाव —

३ डिसेंबर
आज किती छान वाटतंय. सुमंत न्यायला येईलच.
समोर एक छोटी मुलगी उभी आहे. संत्र्याची फोड पुढे करते. आई, तू हसलीस, म्हणते. गोड आहे. कुणाची आहे, विचारायला हवं. रडतेय का ही —