उरलेली अर्धी प्रार्थना

प्रिय फ्लॉईड,

मेंदूवर संशोधन करतेस, मग मम्मीला बरं का करत नाहीस, म्हणून तू फोनवर ओरडलास. अरे, एका पेशीने निरोपासारखं सोडलेलं ग्लुटामेट हे रसायन पलीकडच्या पेशीचे रिसेप्टर कसे झेलतात, एवढंच मला कळतं. मम्मीच्या पेशी ते झेलेनाशा झाल्यात.

जर्मनीतली लॅब सोडून घरी उमेळ्याला आले, तर ती मला नर्स समजते. तरी संध्याकाळी रोझरीला मी 'नमो मरिये' सुरू केलं, की उरलेली अर्धी प्रार्थना ती न चुकता म्हणते. वाटायचं, निदान एवढी हाक तरी पोचते.

हे पाठवत नाही. वाचलंस तर तिला भेटायला यायचाच नाहीस.

काल रोझरी संपल्यावर तिने हात जोडले. "पवित्र माते, माझी जॉयस जर्मनीत आहे. तिला एकदा घरी आण."

शेजारी बसून मी 'आमेन' म्हटलं.

तुझी,
जॉयस