न थांबता आजोबांकडे

१ डिसेंबर, सोमवार

ठरलं. शनिवारी गाडीने आई-बाबांकडे. मी, ही आणि दोन्ही मुलं. मुलांचा गाडीने पहिलाच लांबचा प्रवास. मोठी सहा वर्षांची. घरात तिला वकीलीणबाई म्हणतात, कारण तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. धाकटा दीड वर्षाचा. गालांवरून त्याचं नाव फुगा पडलं आहे.

बाबांचा गुडघा दुखतो, त्यामुळे त्यांना इतक्या लांब येणं जमत नाही. फुगा झाल्यापासून आमचंही जाणं झालेलं नाही. आधी माझं काम, मग हिचं काम, मग फुग्याचा खोकला, मग परत माझं काम. बाबांनी नातू फक्त फोटोत पाहिला आहे. आणि नातवाने आजोबांचा फक्त कान पाहिला आहे, कारण बाबा व्हिडिओ कॉललाही फोन कानालाच लावतात. सांगून सांगून थकलो.

आज बाबांना कळवलं. ते म्हणाले, "या. पण तो काही माझ्याकडे यायचा नाही. ओळखतच नाही, तर येईल कशाला?" आवाज नेहमीसारखाच कोरडा. पण एरवी धाडकन फोन ठेवतात, तो आज बराच वेळ ठेवला नाही. मी सांगून टाकलं की फुगा दारातच तुमच्याकडे झेपावेल, माझी गॅरंटी. हिने आतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं आणि परत आत नेलं.

संकल्प: प्रवासात बाबांसारखं अजिबात वागायचं नाही. निघायच्या आधी अर्धा तास गाडीत बसून हॉर्न वाजवणं. एकदा निघालं की आकाश कोसळलं तरी न थांबणं. पोरं कळवळून सांगताहेत, आणि हे आपले "पाच मिनिटांत येईलच" म्हणत तासभर हाकताहेत. माझं लहानपण मागच्या सीटवर पाय आवळून गेलं. माझ्या मुलांचं जाणार नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

फुग्याचं ट्रेनिंग सुरू. अल्बममधून बाबांचा फोटो काढून फ्रिजवर लावला. जुना आहे. बाबा माझ्याच वयाचे, भरघोस मिशी, चौकडीचा शर्ट, गाडीला टेकून उभे. अलीकडचा चांगला फोटो नाही, कारण फोटो काढताना ते डोळे मिटतात. जुना तर जुना, माणूस तोच.

पद्धत सोपी. मी फ्रिजशेजारी बसायचं, फोटोवर बोट ठेवून "आजोबा" म्हणायचं. फुग्याने म्हटलं की एक बिस्किट.

हिचं म्हणणं, फोटोतला माणूस डिट्टो मी आहे. काहीतरीच. माझं नाक आईवर गेलंय. मिशी दोघांनाही आहे, पण माझी मिशी वेगळ्या विचारांची आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

फुगा "आबा" म्हणाला! म्हणताना बघत माझ्याकडे होता, पण माझं बोट फोटोवर होतं, त्यामुळे धरायला हरकत नाही. वकीलीणबाईंनी आक्षेप घेतला. त्यांच्या मते फुगा बिस्किटाला आबा म्हणतो. तपासण्यासाठी तिने त्याला नुसतं बिस्किट दाखवलं. तो "आबा" म्हणाला. तिला झोपायला पाठवलं.

बाबांना फोन करून प्रगती उत्तम असल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, मऊ खातो की दात आलेत? आईकडून मागून कळलं की त्यांनी लाकडाची छोटी गाडी करायला घेतली आहे. गुडघा दुखत असताना जमिनीवर बसून पॉलिश करतात. गॅरंटी दिली ते बरं केलं की वाईट, असं क्षणभर वाटलं. क्षणभरच.

५ डिसेंबर, शुक्रवार

डिकी भरली. इथे माझा हात कोणी धरू शकत नाही. गोदामात डिस्पॅच मी सांभाळतो. नियम एकच: जे आधी उतरवायचं ते शेवटी चढवायचं. दारात पोहोचल्यावर सगळ्यात आधी काय लागणार? भेटवस्तू. म्हणून आईची शाल आणि बाबांचा नवा शर्ट सगळ्यात वर. (शर्ट अर्थातच चौकडीचा. आयुष्यात दुसरं काही घातलेलं नाही त्यांनी.) सगळ्यांचे कपडे लागणार आंघोळीनंतर, म्हणून त्या बॅगा तळाशी. वर इतर सामान ठासून.

हिने विचारलं, मुलांचे कपडे वाटेत लागले तर? मी समजावलं की वाटेत कोणी माल उतरवत नाही. ती बरं म्हणाली. ही बरं म्हणते तेव्हा मला नीट झोप लागत नाही, पण आज लागेल.

६ डिसेंबर, शनिवार, सकाळी

सहाला निघायचं ठरलं होतं. साडेसहा. मी गाडीत बसून लिहितोय. बाकी तिघं अजून वर. हॉर्न दोनदाच वाजवला. बाबा सारखा वाजवायचे.

चारदा. समोरच्या काकांनी खिडकी उघडून काहीतरी विचारलं. मी हात हलवला.

त्याच दिवशी, रस्त्याच्या कडेला

वकीलीणबाईंना लागली होती. मी म्हणालो पुढचा पंप आला की थांबू, पाच मिनिटांत येईलच. हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण गाडी चालवताना नको त्या गोष्टी आठवू नयेत. एक पंप आला होता खरा, पण तो उजव्या हाताला होता आणि आपली लय चांगली लागली होती.

पुढचा पंप यायच्या आत विषय संपला. सीट पुसून घेतली. फ्रॉक तळाशी. पूर्ण डिकी रिकामी करायला हिने सांगितलं, पण अशा वेळी डोकं शांत ठेवावं लागतं. सगळ्यात वर आईची शाल होती. ती तिला कमरेला गुंडाळली. छान दिसते. तिने विचारलं की आजीची शाल आजीला न विचारता घातली तर त्याला काय म्हणतात. मी गाणी लावली.

त्याच दिवशी, परत रस्त्याच्या कडेला

फोटो माझ्या सीटच्या पाठीवर चिकटवला होता, म्हणजे फुग्याची उजळणी चालू राहील. आबा म्हटलं की बिस्किट. हिला वाटेत डुलकी लागली, तेवढ्यात बिस्किटांचा पुडा वकीलीणबाईंच्या ताब्यात गेला. फुग्याने मनापासून अभ्यास केला. मग रडायला लागला, म्हणून गाडी थांबवून मी त्याला उचलून खांद्यावर घेतलं, आणि त्याने सगळा अभ्यास माझ्या शर्टावर परत केला.

फुगा आता डायपरवर, हिच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. माझे कपडेही तळाशी. वर होता बाबांचा शर्ट. घातला. मापात बसला, हे जरा खटकलं.

हिने आता डिकी उघडायचा शब्दही काढला नाही. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. दमली असेल.

नोंद घेण्यासारखी गोष्ट: माल एकदाही तळापर्यंत उपसावा लागला नाही. सिस्टिम टिकली.

संध्याकाळी

जेवायला पोहोचणार होतो, चहाला पोहोचलो. बाबा फाटकात उभे होते. आई म्हणाली, दुपारपासून तिथेच आहेत, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. हातात ती लाकडाची गाडी.

भेटवस्तू दारात द्यायच्या होत्या. त्या दारातच होत्या, आमच्या अंगावर.

बाबांनी गाडी काखेत धरली आणि हिच्या कडेवरच्या फुग्याकडे दोन्ही हात पुढे केले. एक गोष्ट मी विसरलो होतो. मिशी काढून त्यांना बरीच वर्षं झाली. केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, आणि घरात असल्यामुळे नेमका पांढरा बनियन. फुग्याने त्यांना नीट पाहिलं. मग मान वळवली. मागे मी बॅगा घेऊन उभा. मिशी, चौकडीचा शर्ट, गाडीला टेकलेला.

"आजोबा," फुगा म्हणाला. अगदी स्पष्ट, पूर्ण शब्द, आयुष्यात पहिल्यांदा. आणि माझ्याकडे झेपावला.

बाबांचे हात हवेतच राहिले. मग त्यांनी ते हळूच खाली घेतले आणि म्हणाले की प्रवासाने दमलाय तो, आत चला. इतका तोंडघशी मी ऑफिसातही पडलेलो नाही. मी म्हणालो की शर्ट तुमचा आहे. ते म्हणाले, "दिसतंय."

७ डिसेंबर, रविवार

सकाळी बाबांना त्यांच्या मित्राचा फोन आला. ते खुर्चीत आडवे वळून, फोन कानाला लावून मोठ्याने बोलत बसले. नातू आलाय, हो, नाही, ओळखत नाही अजून. जमिनीवर फुगा लाकडाची गाडी फिरवत होता. आवाज ऐकून त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गाडी टाकली, खुर्चीला धरून उठला, बाबांच्या मांडीवर चढला आणि दोन्ही हातांनी त्यांचा कान पकडला. ओळख पटली. दीड वर्षाची ओळख होती ती.

बाबा बोलायचे थांबले. मित्र पलीकडून हॅलो हॅलो करत होता. बाबांनी तसाच कान धरू दिला. दुसऱ्या हाताने चष्मा काढून बनियनला पुसला, डोळेही पुसले. आई म्हणाली, कान तुटेल हो. बाबा म्हणाले, तुटू दे.

फ्रिज, फोटो, बिस्किटं यांचा निकालात काही वाटा नाही, असं वकीलीणबाईंचं मत आहे. मी सगळ्या टीमचं यश मानतो.

दुपारी दूध आणायला निघालो. बाबा म्हणाले मीही येतो. माझ्या गाडीत ते पहिल्यांदाच बसत होते. मागे दोन्ही मुलं. बाबांनी रस्ताभर माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवली नाहीत, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. परतताना रस्ता मोकळा होता, लय छान लागली होती. बाबा जरा चुळबुळले. मग हळू आवाजात म्हणाले की या वयात फार दम निघत नाही, समोर पंप दिसतोय, मिनिटभर थांबवतोस का?

"अहो बाबा, घर पाच मिनिटांत येईलच," मी म्हणालो.

पंप मागे गेला. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पाय आवळून सरळ बसले.

मागून फुगा म्हणाला, "आजोबा."

कोणाला, ते मी विचारलं नाही.