ढोलीतल्या चपला

गोंदिया
११ नोव्हेंबर २०२४

ती. हेमराजदादास,
सा. न. वि. वि.

यादोराव कंडक्टर आत्ताच मोनालीला दारात सोडून गेले. गोरेगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने चालताना दिसली, म्हणून त्यांनी गाडी थांबवून तिला आत घेतलं. पायांत काही नव्हतं. ती न्हाणीत पाय धुते आहे, मी इथे लिहायला बसले आहे. फोनवर मी ओरडते आणि तू गप्प बसतोस, त्यातून काही निघत नाही.

दसऱ्यापासून ही चौथी वेळ. मागच्या वेळी नागऱ्याच्या देवळात पायरीवर बसलेली सापडली होती. तेव्हा उत्तरेला, आज दक्षिणेला. म्हणजे तिला केशोरीला तुमच्याकडे यायचं असतं, असंही म्हणता येत नाही. तसं असतं तर मला निदान समजलं असतं.

मी फक्त विचारलं होतं की केमिस्ट्रीत तेवीसच मार्क कसे. तिने ताट सरकवलं आणि उठली. तिच्या चपलांचे तिन्ही जोड मी कपाटात कुलूप लावून ठेवते, तरी गेली. प्राचार्यांनी सांगितलं आहे की आणखी एकदा क्लास सोडून गेली तर बारावीच्या परीक्षेला बसू देणार नाहीत.

अध्यापक विद्यालयात मी दर वर्षी हाच धडा शिकवते. अनुवंश आणि परिस्थिती, दहा गुण. दोन्ही घटक परस्परांना पूरक आहेत असं लिहिलं की मी सात देते. घरी मात्र मला शून्य. तीन वर्षांची होती तेव्हा तुम्ही तिला माझ्या ओटीत घातलीत. चौदा वर्षांत मी काय कमी केलं ते सांग. हे रानटीपण आपल्याकडचं नाही. वहिनीचं माहेर जंगलातलं, तिथूनच आलं असणार.

रविवारी येऊन तिला घेऊन जा. मी थकले.

वहिनीला नमस्कार. राग आला तरी उत्तर दे.

तुझी,
संध्या

केशोरी
१४ नोव्हेंबर

चि. संध्यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. रूपेशने मोठ्याने वाचलं, ते वाचायला नको होतं. तुझी वहिनी म्हणाली की चौदा वर्षं वापरून आता बाई माल वापस करून राहिली काय. मग उठली आणि पेटीतली वाकळ काढून उन्हात टाकली. दोन दिवस रोज टाकते, संध्याकाळी झटकून आत आणते.

धान कापून शेतात, बांधीत पडलं आहे, वर ढग आहेत. या रविवारी मला निघता येणार नाही.

माझ्या सासऱ्याला मधात आणू नको. पन्नास वर्षांत तो माणूस आठवडी बाजाराच्या पलीकडे गेला नाही. आणि रूपेश मोनालीचाच भाऊ, त्याच आईबापाचा. त्याला ओट्यावरून उठवायला काठी लागते. तुझ्या धड्यात हे कुठे बसवायचं ते तू बसव, तुला पगार त्याचाच मिळतो.

चालणारा माणूस आपल्या घरी होता. बाबा. बोलाचाली झाली की निघायचे. कधी नागझिऱ्यापर्यंत जायचे, चार दिवसांनी यायचे, विचारलं तर पाय मोकळे करून आलो म्हणायचे. आई तेव्हा चूल पेटवायची नाही. तू रांगत होतीस. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि तुला बसलेलेच बाबा माहीत झाले.

पण सगळं बाबांवर ढकलू नको. सहा ते आठ क्लास, मग अभ्यास, मग पुन्हा क्लास. ढोरालाही दुपारी सोडतात.

जावईबापूंना नमस्कार. तब्येतीचं लिहीत जा.

हेमराज

गोंदिया
१८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

म्हणजे रक्ताचं असेल तर ते आपल्या बाबांचं, म्हणजे माझंही. वळणाचं असेल तर वळण मीच लावलं. दोन्हीकडून मीच. तुझं पत्र वाचून मी हे असं मांडलं. वीरेंद्र म्हणतात की कारण सापडल्याने पोरगी थांबणार आहे का. त्यांना असं बोलायला काही लागत नाही, ते संध्याकाळी सातला घरी येतात.

मी तिला शांतपणे विचारलं. खरंच शांतपणे. ती म्हणाली की जायचं असं ठरवलेलं नसतं, पाय निघतात आणि तिला नंतर कळतं. मग तिने मलाच विचारलं की आई, तुला असं कधी होत नाही का. मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. कॉलेजातून घरी येताना मी कधी कधी आमची गल्ली सोडून पुढे जाते, अगदी रेल्वे फाटकापर्यंत. पण मी परत येते. माझ्या हातात भाजीची पिशवी असते.

तू न्यायला येणार हे तिला मी सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. त्यात पुस्तकं, दोन ड्रेस, कंगवा. चपला मागितल्या नाहीत. मागितल्या असत्या तर मी काढून दिल्या असत्या. इतकं साधं ती का मागत नाही, याचा मला राग येतो.

परीक्षेच्या फॉर्मवर पालकाची सही हवी आहे. शनिवार शेवटचा दिवस. सही कोणी करायची ते तू कळव.

संध्या

केशोरी
२० नोव्हेंबर

चि. संध्यास आशीर्वाद.

तू मोनालीला न्यायला आलीस ते दिवस आठव. तू दोन दिवस राहिली होतीस. तुझी वहिनी फुलवंता समोर असली तर पोरगी सुटणार नाही, म्हणून मी तिला आधीच माहेरी पाठवलं होतं. पोरगी आईला शोधायला सारखी बाहेर पळायची. मी तिच्या चपला उचलल्या आणि धान साठवायच्या ढोलीत टाकल्या. लाल, रबरी. वाटलं, कापलेल्या बांधीत धसकटं आहेत, अनवाणी किती जाणार. ती गेली. तलावाच्या पाळीपर्यंत गेली. मी उचलून आणलं तेव्हा तळव्यांतून रक्त येत होतं.

तू बसमध्ये तिच्या पायांना हळद लावलीस. काटा रुतला असं मी सांगितलं होतं. काटा नव्हता.

आता तू चपला कुलपात ठेवल्याचं लिहिलंस. ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. आई बाबांच्या वहाणा त्याच ढोलीत लपवायची. मी ते रोज पाहिलं, म्हणून माझ्या हातून झालं असं समजू. तू तर पाहिलं नव्हतं. तुला कोणी शिकवलं. चालणं कोणाकडून आलं ते आपण आठ दिवस शोधून राहिलो आणि लपवणं कोणाकडून आलं ते कोणी विचारलं नाही.

उत्तर तुझ्या पुस्तकात असेल तर कळव.

त्या चपला अजून आहेत. फुलवंता टाकू देत नाही. वाकळ रोज उन्हात टाकते. पोरगी यायची असेल तर घर तिचं आहे. पण तू कंटाळून परत केलीस म्हणून ती येऊ नये. सही तू कर. चौदा वर्षं तूच करते आहेस, आणि ती मला मामाजी म्हणते.

तुझं पत्र आल्याशिवाय मी निघत नाही.

हेमराज

गोंदिया
२३ नोव्हेंबर, शनिवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सही करून फॉर्म भरला. कपाट उघडलं आणि तिन्ही जोड दारात मांडले. मोनालीने पाहिलं, वाकून त्यातल्या एकीवरची धूळ पुसली आणि आत गेली. पिशवी अजून तिथेच आहे. ती भरलेली ठेवायची की रिकामी करायची, हे मी तिला विचारलेलं नाही.

तू चौदा वर्षं काट्याचं सांगत राहिलास, त्याचा राग मी नंतर काढणार आहे. माझी खात्री कशाचीच उरलेली नाही. ही दहा गुणांची प्रश्नपत्रिका यंदा कोणा दुसऱ्याने तपासावी.

पत्र उद्या यादोरावांच्या हाती देईन. वहिनीला सांग, वाकळ पाठव. इथेही थंडी पडते.

संध्या

ता. क. रविवार सकाळ. मोनाली सहा वाजता चपला घालून बाहेर पडली. मी रेल्वे फाटकापर्यंत तिच्या मागे गेले, हाक मारली नाही. पावणेआठला ती परत आली. चपला हातात होत्या. मी पट्टे पाहिले, तुटलेले नव्हते. तिने पाय धुतले, चहा घेतला आणि केमिस्ट्रीचं पुस्तक पिशवीतून बाहेर काढलं.