गवत वाढवण्याचा हक्क

१२ मे
घर घेतलं. हॅडली फोर्क, नेब्रास्का. गाव एवढंसं, पण सोसायटी नाही. एजंटबाईंना पुन्हा पुन्हा विचारलं. सोसायटी नाही, कमिटी नाही, अध्यक्ष नाही. म्हणाल्या, इथे तुम्हाला कुत्रंसुद्धा नोटीस पाठवणार नाही. तिथेच सही ठोकली. स्वयंपाकघर बघायचं राहून गेलं.

ओमाहातल्या आमच्या सोसायटीचा अध्यक्ष क्रेग. त्याने माझ्या अंगणातलं गवत गुडघ्यावर बसून फूटपट्टीने मोजलं होतं, दोन इंचांच्या वर म्हणून दंड लावला होता. आता ये म्हणावं मोजायला.

नोरीन अजून जुन्या घरीच. ऑगस्टअखेर येऊन बघेन म्हणते. घर राहण्यासारखं दिसलं तर जुनं विकू, नाहीतर तू मुकाट्याने परत यायचं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर इतका विश्वास प्रथमच टाकलाय.

१३ मे
संकल्प: उन्हाळाभर गवत कापायचं नाही. आळस म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. गवत कापायचा मोवर ओमाहात विसरलो हा योगायोग.

२ जून
गवत पोटरीपर्यंत. वाऱ्यावर मस्त डोलतं. दाढी बंद. व्हरांड्यात बाथरोब घालून कॉफी. समोरच्या व्हर्ना स्टकीबाई पडद्याआडून बघत असतात. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण कौतुक लपत नाही.

शेजारचा शेतकरी लाइल ह्रुस्का कुंपणापाशी आला. गवताकडे बघत घुटमळला, मग म्हणाला, बरं आहे ना सगळं? मी म्हटलं, लाइल, आता जे दिवस राहिलेत ते मनासारखे काढायचं ठरवलंय. त्याने टोपी काढली. वहिनी कुठे, म्हणाला. ऑगस्टअखेर येईल म्हटलं. त्यावर म्हणतो, जरा लवकर नाही का येता येणार त्यांना? साधा माणूस. पाहुण्यांची हौस दिसते.

४ जून
व्हर्नाबाई कॅसरोल घेऊन आल्या. ओव्हनमध्ये एकत्र भाजलेलं चिकन, नूडल्स, चीज, वर बटाट्याच्या वेफर्सचा चुरा. म्हणाल्या, जेवण जातं ना रे बाळा? उत्तम जातं म्हटलं. म्हणाल्या, धीराचा आहेस हो. तत्त्वाची कदर करणारी माणसं अजून आहेत तर.

११ जून
लाइलच्या बायकोने जर्दाळूचे कोलाचे बन आणले. त्याआधी कुणाची तरी बटाट्याची कोशिंबीर, कुणाचं खिम्याचं मीटलोफ. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत, खांदा दाबला. भांड्यांच्या तळाला चिकटपट्टीवर आपापली नावं लिहिलेली. या चळवळीत आपलं योगदान लक्षात राहावं असं प्रत्येकाला वाटणारच.

व्यायाम सुरू करायला हवा. बाथरोबचा पट्टा पुरत नाही.

२० जून
गवत गुडघ्याला. पाद्री येऊन बसले. मन शांत आहे का, म्हणाले. म्हटलं, इतकी शांती उभ्या जन्मात नव्हती. भीती नाही ना वाटत? म्हटलं, एकदा पलीकडे पोचल्यावर भीती कसली. क्रेग राहिला ओमाहात. डोळे पुसत गेले. माझ्या बोलण्यात काहीतरी आहे, हे नोरीनला कळवायला हवं.

२७ जून
बँकेबाहेरच्या पाटीवर माझं नाव. शनिवारी फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये वेन्डेलसाठी पॅनकेकचं जेवण. मेयर थकलाय, नवा माणूस हवा असं न्हावी म्हणत होताच. मी काय, सुतावरून स्वर्ग गाठणारा माणूस नाही. पण भाषण लिहायला घेतलं. विषय: स्वातंत्र्य.

२९ जून
नोरीन अचानक दारात. मी बाथरोबमध्ये, दुसऱ्या कॅसरोलवर. तिने घट्ट मिठी मारली, रडली. मग माझं पोट बघितलं. मग फ्रीज उघडला. मग खिडकीतून गवत बघितलं. मग मिठी परत घेतली.

व्हर्नाबाईंनी फोन केला होता म्हणे, लवकर ये गं बाई, फार दिवस नाहीत. नोरीन म्हणाली, वेन्डेल, अख्ख्या गावाला वाटतंय तू मरायला टेकलायस. इथे धडधाकट माणूस गवत वाढू देत नाही. मी म्हटलं, मला तर कोणी तसं बोललं नाही. म्हणाली, असं तोंडावर कोण बोलतं, गाढवा?

मेयरचं जरा लांबणीवर पडलंसं वाटतं.

३० जून
फायर हॉल खचाखच. नोरीनने भाषणाचा कागद काढून घेतला आणि मला उभं केलं. सांगितलं, मला काहीही झालेलं नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लाइल म्हणाला, मग ते गवत? म्हटलं, तत्त्व. मागून आवाज आला, कसलं तत्त्व? उत्तर भाषणात होतं आणि भाषण नोरीनच्या पर्समध्ये.

व्हर्नाबाई म्हणाल्या, मेल्या, असल्या गुडघ्यांनी रोज खाली बसून तुझ्यासाठी प्रार्थना केली मी. माझ्या औषधपाण्यासाठी जमलेले पैसे फायर ब्रिगेडच्या नव्या पाइपला गेले. मला दुसरा पॅनकेक कोणी वाढला नाही. लाज वाटली. ही नोंद नंतर खोडायची.

७ जुलै
लाइलचा मोवर मागून आणला. स्वेच्छेने. गवत दोन इंचच शोभतं, हे माझं स्वतंत्र मत. फूटपट्टी नोरीनची.

भांडी घासून घरोघर पोचवली. सगळे हसतात, पण दार लावून घेतल्यावर. नोरीनला मात्र व्हर्नाबाईंनी गोधड्या शिवायच्या मंडळात घेतलंय. जुनं घर विकायला काढलं. ती म्हणते, ना नोटीस ना दंड, आणि माणूस आडवा झाला की जेवण दारात. आणखी काय हवं? म्हणजे शेवटी मीच जिंकलो.

१९ जुलै
मोवर ढकलताना कमरेत उसण भरली. खरीखुरी. सोफ्यावर आडवा. गवत वाढतंय, म्हणजे काळजी नाही. ओव्हन तापत असतील.

२३ जुलै
कोणी आलं नाही. व्हर्नाबाईंनी गवत बघितलं आणि पडदा ओढला. लाइल कुंपणावरून ओरडून गेला, काय रे, परत स्वातंत्र्य का?

२६ जुलै, दुपार
भर उन्हात नोरीन मोवर ढकलतेय. बेल वाजली, दार उघडंच. व्हर्नाबाई, हातात गरम कॅसरोल, वर वेफर्सचा चुरा. मी पडल्या पडल्या हात पुढे केले. म्हणाल्या, तुला नाही. ती बिचारी काय काय सोसते. भांडं फ्रीजवर ठेवून गेल्या. झाकणावर चिकटपट्टी: नोरीन, एकटीने खाणे.

दोन पावलं जमली. आता सोफा आणि फ्रीज यांच्या मधोमध जमिनीवर पडून लिहितोय. मोवरच्या आवाजात नोरीनला हाका ऐकू जात नाहीत. चीज बरंच घातलेलं दिसतंय, वास इथवर येतोय.