पेटीचं टेबल

रॉबिन,

तुझा मोबाईल इथेच चार्जिंगला राहिलाय, म्हणून लिहून ठेवते. जॉयला घेऊन मी एसटी स्टँडवर चाललेय. पप्पा चारच्या गाडीने बेलापूरहून येताहेत, त्यांना तिथेच चहाला बसवते. तू आल्या आल्या आधी हॉलमधलं ते जुनं टेबल मागच्या खोलीत ने. एकट्याने ओढू नकोस, शेजारच्या शाहरुखला हाक मार. झालं की फोन कर.

जुन्या सामानाच्या दुकानात दिलावरचाचा म्हणाले, "बेलापूरच्या चर्चमधलं पेटीचं टेबल हाय, अस्सल सागवान," आणि तू हरखून गेलास. तुझे वडील पेटी वाजवायचे, आपलं घर गाणाऱ्यांचं, म्हणजे हे टेबल आपल्यासाठीच बनलंय, असं सगळ्यांना सांगत सुटलास. मीही हसले. सकाळी जॉयला न्हाऊ घालून अंग पुसायला त्याच्यावरच निजवलं.

मघाशी फडकं मारताना कडेखाली बोटाला काहीतरी खरखरलं. वाकून पाहिलं तर 'रूथ'. ते मीच कोरलंय, फ्रॉकच्या पिनेने. नऊ वर्षांची होते. आईला कबरस्तानात न्यायच्या आधी पाळकसाहेब प्रार्थना करत होते, आणि मला वर बघायचं नव्हतं.

एवढं लांब टेबल हार्मोनियमला लागतं का रे?

पप्पांना ते दिसू देऊ नकोस. पण परतही करू नकोस. त्याच्यावर पेटी होती, ती आईची.

रूथ