सगळ्यात फिका जिल्हा

ताई,

पेपरातला नकाशा बघून तू लिहिलंस, "आमचा जिल्हा कॅन्सरने काळा पडलाय, तुझा बघ किती फिका. आता म्हातारपणी तुझ्याकडेच येऊन राहते."

येऊ नकोस. तुमच्याकडे मोठं हॉस्पिटल आहे, म्हणून म्हाताऱ्यांचा आजार निदान सापडतो. इथे कोणी तपासतच नाही. घरचे येऊन म्हणतात, "वय झालं होतं हो," आणि मृत्यूनोंदणीच्या खिडकीमागे बसून मी कारणाच्या रकान्यात 'वृद्धापकाळ' लिहायचो. तीस वर्षं. तो फिका रंग माझ्या हातचा आहे.

आईचंही तेच लिहिलं. छातीतल्या गाठीबद्दल तिने मला सांगितलं होतं. "ताईला कळवू नकोस, घाबरेल," म्हणाली. मी इतका घाबरलो की डॉक्टरलाही कळवलं नाही.

गेल्या महिन्यात साठी ओलांडली, निवृत्त झालो. परवा दाढी करताना गळ्याशी गाठ हाताला लागली. तुझ्याकडे येऊन तपासून घ्यायला हवं, पण धीर होत नाही. हे पत्रही टाकवेल असं वाटत नाही.

माझ्या जागी आलेल्या बाईंना मीच शिकवून आलोय, माणूस साठीच्या पुढचा असला की फार विचारत बसायचं नाही.

तुझी तीच
भित्री भागूबाई